लग्नात सगळ्यांना पैठणी आणि कोल्हापुरी फेटा, मग आपली करवतकाठी कोणी नेसायची?

वैनगंगेकाठची

मागच्या रविवारी पुतणीचं लग्न झालं, तुमसरकडच्या एका गावात. मांडवाच्या तोंडाशीच नागपूरहून बोलावलेला फेटेवाला बसला होता. साठेक माणसांना त्यानं भगवे फेटे बांधले. आमच्या ऐंशीच्या काकांनाही सोडलं नाही. काकांनी जन्मभर डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळला, उन्हातही आणि लग्नातही. तो दुपट्टा त्यांनी काढून घडी घालून मांडीवर ठेवला आणि जेवण होईस्तोवर फेटा सांभाळत बसले. पुतणी शिवलेल्या नऊवारी पैठणीत होती. बाजूला चेन, कासोटा आधीच शिवलेला.

आदल्या रात्री मी तिच्यासाठी माझ्या आईची करवतकाठी साडी घेऊन गेले होते. पेटीत कडुनिंबाचा पाला घालून चाळीस वर्षं जपलेली. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, मधासारखं अंग, लाल काठ, आणि काठाच्या कडेनं करवतीचे बारीक दात. पुतणीनं हात फिरवला आणि म्हणाली, "काकू, फोटोत मळकी दिसंन."

तिच्यावर राग नाही माझा. पण आपल्या गावात "मराठमोळं" म्हटलं की येवल्याची पैठणी, कोल्हापूरचा फेटा आणि पुण्याची नथ एवढंच का डोळ्यांपुढे येतं? २००४ साली टीव्हीवर वहिनींना पैठणी जिंकून देणारा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या आधी आमच्या गावात पैठणी हा शब्द किती बायांना माहीत होता? मालिकांमधल्या लग्नांनी उरलेलं काम केलं. पैठणी सुंदरच आहे, पण ती गोदावरीकडची. आपली साडी आपल्या जंगलातून येते. गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्याकडं ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाची अळी वाढते, ढिवर मंडळी ती राखतात, पाखरं हाकत झाडाखाली दिवस काढतात. त्या धाग्याची साडी आपल्या कोष्ट्यांच्या मागावर होते. भौगोलिक मानांकनही मिळालंय तिला. आणि आपल्याच पोरी तिला मळकी म्हणतात.

माझं म्हणणं एवढंच: विदर्भातल्या लग्नात निदान एक साडी इथली हवी. शालू घ्या, पैठणी घ्या, पण हळदीला किंवा सासूच्या मानाला करवतकाठी.

कपाशीवाला

ताई, पटलं नाई. तुमी भंडाऱ्याच्या, म्हणून तुमाले कोसा आपला वाटते. आमच्या वऱ्हाडात कोसा पाह्यला कोनं? माही आजी निंदाले जाये तं सुती लुगडं नेसून, कासोटा खोसून. अन् ते लुगडंही काही कोष्ट्याच्या मागावरचं नोतं, मिलचं होतं. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. तवापासून हातमागाचं कापड आमच्या बाजारातून गेलं. म्हंजे तुमी ज्याले जुनं म्हंता ते आमच्याकडं आजीच्याही आधी सरलं होतं.

दुसरं. आजीनं लुगडं सोडलं ते टीव्ही पाहून नाई सोडलं. ओलं नऊवार नदीवर धुनं, पिळनं, वाळवनं सोपं हाये काय? पाचवार पातळ आलं तवा ते खूश झाली. मी लहान होतो, मले आठवते, पयल्या दिवशी ते अंगनात फिरून फिरून शेजारनीले दाखवत होती.

अन् आता एक इथलीही साडी घ्या म्हनता. म्हंजे पैठनी घ्याचीच, शालू घ्याचाच, वरून करवतकाठी. पैसा कोनाचा? पोरीच्या बापाचा. कापसाचा भाव पाहून घ्या एकदा. गाडगेबाबा आमच्या अमरावती जिल्ह्यातले, अंगावर चिंध्या घालून फिरले अन् गावोगाव सांगत गेले का कर्ज काढून लग्न करू नका. विदर्भाचा पोशाख पाह्यजे तं तो पहा.

नवी सून, दर्यापूर

मी स्वतः शिवलेली नऊवारी घातली, गेल्या उन्हाळ्यात. मला नऊवारी नेसता येत नाही. आईलाही येत नाही. आजी असती तर तिनं नेसवली असती. मग मी काय करायचं होतं? शिवलेली होती म्हणून निदान नऊवारी अंगाला लागली तरी.

वर्षभर आम्ही बायका कापूस वेचताना साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतो, डोक्याला रुमाल, कमरेला ओटी. हात बोंडांनी खरचटलेले. तो आमचा रोजचा पेहराव, त्यावर कोणी चर्चेचा धागा काढत नाही. लग्नाच्या दिवशी मला टीव्हीतल्यासारखं दिसायचं होतं आणि मी दिसले. माझ्या मोबाईलमध्ये तो फोटो अजून वॉलपेपरला आहे. त्या एका दिवशीसुद्धा मी भंडाऱ्याच्या मागाची काळजी करायची का? काकूंनी पुतणीला साडी दिली हे चांगलंच, पण ती नाही म्हणाली तर तिथंच विषय संपायला हवा होता.

वैनगंगेकाठची

कपाशीवाले भाऊ, खर्चाचं खरं आहे. "शालू घ्या, पैठणी घ्या" असं मी म्हणायला नको होतं. त्यातली एक कमी करून तिच्या जागी करवतकाठी घ्या, असं म्हणते आता. पण एम्प्रेस मिलचं उदाहरण माझ्याच बाजूनं आहे. मिलनं एकदा माग बंद पाडला, आता नकली पैठणी पाडतेय. एकदा गेलं म्हणून दुसऱ्यांदा जाऊ द्यायचं का?

दर्यापूरच्या सूनबाई, शर्ट चढवून कापूस वेचणं मी पाहिलंय, केलंही आहे. तुमच्या फोटोवर माझं काही म्हणणं नाही. पण "टीव्हीतल्यासारखं" हा शब्द तुम्हीच लिहिलात. टीव्हीत आपल्यासारखं कोणी का दिसत नाही, हाच माझा प्रश्न आहे.

उमरेडची लेक

"आपली", "विदर्भाची" हे शब्द जरा जपून वापरा, ताई.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आमच्या बायांशी बोलले. लुगडं नेसायची पद्धत बदला, अंगावरचे ते जड दागिने सोडा, कारण त्यावरून जात ओळखू येते, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे कोणी किती खाली लुगडं नेसायचं, हेही गाव ठरवत होतं. तुमच्या आईच्या पेटीत करवतकाठी होती. माझ्या आजीच्या आईकडे पेटीच नव्हती. तो काळ तुम्हाला सुंदर दिसतो, आम्हाला तो परत नको.

आमचा जुना पोशाख विचाराल तर पांढरा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लोक पांढऱ्या कपड्यांत आले होते. माझे आजोबा खेड्यातून चालत गेले, धुतलेलं एकच धोतर होतं ते नेसून. आमच्या घरात नवरी आजही पांढऱ्या साडीत उभी राहते. माझ्या लग्नात मीही राहिले, सुती, निळ्या बारीक काठाची. बाजारात दुकानदार म्हणाला, "नवरीला पांढरं?" मी म्हटलं, हो, नवरीलाच.

आता मात्र आमच्याही मांडवात लेहेंगे आलेत, फेटेवाले आलेत. माझ्या भाचीनं बुद्धवंदनेपुरती पांढरी नेसली आणि अर्ध्या तासात बदलली. तेव्हा माझ्याही पोटात तुटलं. म्हणून तुमचं दुःख मला कळतं. पण ते दुःख सगळ्या विदर्भाचं म्हणून सांगू नका.

धोटा

आंधळगावकडचा आहे. घरात दोन माग होते, आता एक.

आधी एक गोष्ट सगळ्यांना सांगतो, कारण बाजारात छापील करवतकाठी फार आली आहे. खऱ्या साडीला तीन धोटे, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी साधनं, लागतात, एक अंगाचा आणि दोन काठांचे. काठ आणि अंग जिथं भेटतात तिथं दोन्हीकडचे बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे एकमेकांत अडकवतात, तिथं ते दात तयार होतात. साडी उलटी करून पाहा. दोन्ही बाजूंनी दात सारखे दिसले तर हातमाग. मागच्या बाजूला फिके किंवा नुसतेच पुसट दिसले तर छापील. माझा बाप अंधारात बोट फिरवून सांगायचा.

ताईंनी आमच्यासाठी लिहिलं, आभारी आहे. पण पुतणीचं मला खटकलं नाही. फोटोत मळकी दिसते हे खरंच आहे, कोशाचा रंग लाइटात उठत नाही. आम्ही गडद रंगात अंग विणून पाहिलं तर जुन्या गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं, की ही करवतकाठी नव्हे. जुन्यांना मधाळ रंगच पाहिजे आणि जुने आता साडी घेत नाहीत. नवे घेतात, त्यांना लाल-हिरवं पाहिजे. आम्ही कोणाचं ऐकायचं?

आणि मान म्हणून एकच घ्या, हे नको. मानाची साडी पेटीत जाते. चाळीस वर्षं पेटीत राहिलेल्या साडीनं माग चालत नाही. बँकेत, शाळेत, मीटिंगला नेसा. एका साडीला आठवडा-दीड आठवडा माग अडकतो, किंमत त्यामुळे पॉवरलूमच्या पैठणीच्या चार-पाच पट होते. ती कमी होणार नाही, कपाशीवाले भाऊ, तुमच्या कापसाला भाव पाहिजे तसा आमच्या हातालाही पाहिजे.

कपाशीवाला

भाऊ, हे बरोबर बोलला. भावाचं बरोबर. कोसा तरी आमी घेनार नाई, पन सुताचं काई विनता काय? उन्हाळ्यात वापराले, दुपट्टा, पंचा?

धोटा

दुपट्टे विणतो. पांढरा, लाल काठाचा. आई सूत वळते, मी विणतो.

वैनगंगेकाठची

उमरेडच्या ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. माझ्या आईच्या पेटीचं मी फार सहज लिहिलं. आमच्या गावात वेशीबाहेरच्या बायांची लुगडी गुडघ्यापर्यंत का असत, हे मी लहानपणी आजीला विचारलं होतं आणि तिनं मला गप्प बसवलं होतं. ते आज आठवलं. "आपली" हा शब्द मागे घेते. करवतकाठीचं बाकी सगळं म्हणणं मात्र तसंच ठेवते.

धोटा भाऊ, आईची साडी उलटी करून पाहिली. दात दोन्हीकडून सारखे आहेत, पदराजवळ एक तुटलाय. येत्या सोमवारी आमच्या शाळेत पालकसभा आहे, तिथं तीच नेसून जाते. आणि काकांसाठी एक दुपट्टा पाहिजे, लाल काठाचा. लांबी किती असते तुमच्याकडे?