२०१४वर सुरळीत चाललंय, मग नवं ऑटोकॅड कशाला?

रेघोट्या

आमच्या ऑफिसात फर्मान निघालंय: पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी ऑटोकॅडच्या, म्हणजे ज्यात आम्ही बांधकामाची ड्रॉइंग काढतो त्या प्रोग्रॅमच्या, ताज्या आवृत्तीवर यायचं. सध्या नऊ मशीनवर २०१४ची आवृत्ती आहे, कायमच्या लायसन्सचं. आता वार्षिक भाडं. बैठकीत मी विरोध केला तेव्हा एकजण हसत म्हणाला, "तुम्हाला काय, ड्रॉइंग बोर्डसुद्धा परत चालेल." नाही चालणार हो. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडून काढलेला माणूस तिकडे कशाला जाईल परत?

मी रिलीज १२पासून यावर आहे, डॉसवरच्या. नवं आलं की नाक मुरडायचं असा स्वभाव नाही माझा. २००० आलं तेव्हा एकाच खिडकीत चार-चार ड्रॉइंग उघडता यायला लागली. त्याआधी इकडचा ब्लॉक (एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायचं चित्र) तिकडे न्यायचा म्हणजे डब्ल्यूब्लॉक कमांड द्या, फाइल लिहा, दुसरं ड्रॉइंग उघडा, इन्सर्ट करा. त्या अपग्रेडसाठी मी स्वतः साहेबांशी भांडलो होतो. २००६च्या डायनॅमिक, म्हणजे आकार बदलता येणाऱ्या, ब्लॉकने तर आमचे दारांचे अठरा ब्लॉक जाऊन एकच उरला. याला मी अपग्रेड म्हणतो. पुढे २००९ला रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली आणि २०१५ला जुन्या मेनू-टूलबारची क्लासिक वर्कस्पेसच उडवली. आम्ही २०१४ला थांबलो त्याचं निम्मं कारण ते.

परवा चाचणीच्या मशीनवर बसलो. टीआर (रेघ छाटायची ट्रिम कमांड), एंटर, एंटर, क्लिक. हे मी झोपेतही करतो. रेघ तुटलीच नाही, नुसती निळी होऊन बसली, टोकांना ग्रिपचे चौकोन दाखवत. परत केलं, परत तेच. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, आता एकच एंटर." म्हणजे दुसऱ्या एंटरला कमांड संपते आणि आपण हवेत क्लिक करत बसतो. एक एंटर वाचवला म्हणतात. माझ्या बोटांतली वीस-पंचवीस वर्षं कुठे वाचवायची?

रेघ, कंस, अक्षरं, मापं. आमचं काम एवढंच आहे, त्रिमितीशी संबंध नाही. चालू कामं अर्धवट असताना हे मध्येच कशाला? आणि भाडं थांबलं की आपलीच ड्रॉइंग आपल्याला त्यात उघडून बदलता येणार नाहीत, हे कोणालाच खटकत नाही का?

खोडरबर

+१. आमच्याकडे सात मिनिटांचा प्रशिक्षणाचा व्हिडिओ दाखवला होता. त्यातली चार मिनिटं लोगो फिरत होता.

त्रिज्या

रेघोट्याकाका, मी तुमच्यासारख्या ऑफिसांना फायली पाठवणाऱ्या बाजूची आहे, म्हणून जरा स्पष्टच लिहिते. तुमचं २०१४ हे २०१३च्या फॉरमॅटपर्यंतच वाचतं. आमचं सगळं २०१८च्या फॉरमॅटमध्ये. म्हणजे प्रत्येक वेळी तुमच्यासाठी वेगळं सेव्ह ॲज. त्यात फारसं हरवत नाही, मान्य. पण एका ड्रॉइंगच्या दोन फायली होतात. मग कोणीतरी घाईत जुन्या फॉरमॅटवाल्या फायलीत दुरुस्ती करतं, मूळ फाइल तशीच राहते, आणि पुढच्या वेळी मूळ फायलीवरून प्रिंट निघते. आमच्याकडे असं झालंय. बीम सुधारला होता, साइटवर गेला तो न सुधारलेला. तुमचं सुरळीत चाललंय कारण बाकीचे लोक वाकतायत.

एंटरबद्दल सहानुभूती आहे, पण ती सवय आहे, मुद्दा नाही.

रेघोट्या

त्रिज्या, सेव्ह ॲज तुम्ही नका करू. आम्ही ट्रूव्ह्यूत (ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कचाच फायली बघायचा प्रोग्रॅम) जुन्या फॉरमॅटमध्ये उतरवून घेतो, ते फुकट आहे. राहिला फॉरमॅट. २०१८ला बदलला, त्यानंतरच्या आवृत्त्याही तोच वापरतायत. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल, नोटपॅडमध्ये उघडून पहिली सहा अक्षरं बघा: माझ्या फायलींत एसी१०२७ दिसतं, तुमच्या फायलींत एसी१०३२, मग ती २०१८ची असो वा त्यानंतरची. फायलीच्या पोटात जर काही बदललं नाही, तर दर वर्षी नवा आकडा कशासाठी?

त्रिज्या

ट्रूव्ह्यूत उतरवलीत तरी फायली दोनच झाल्या ना काका? फक्त दुसरी आता तुमच्याकडे. आणि फॉरमॅटचा मुद्दा तर माझ्याच बाजूने जातो. एकदाच उडी मारा, मग फॉरमॅटपायी कोणी तुम्हाला हलवणार नाही. दर वर्षीची आवृत्ती त्याच दिवशी चढवा असं मी कुठे म्हटलं?

समांतर

मी एका ऑफिसात हेच काम बघतो: आवृत्त्या चढवणं, टेम्प्लेट, प्लॉट स्टाइल, लोकांची बोलणी खाणं. आधी औषध देतो. कमांड लाइनवर ट्रिमएक्स्टेंडमोड टाइप करून ० द्या. ट्रिम आणि एक्स्टेंड जुन्यासारखे होतील, दोन एंटरसकट. हा बदल २०२१चा आहे. मेनूबार १ केलंत की वरचे मेनू परत. क्लासिक वर्कस्पेस गेली तरी टूलबार गेलेले नाहीत, ते लावून वर्कस्पेस म्हणून सेव्ह करता येतात. तासाभराचं काम आहे.

आता कडू गोळी. रेघोट्या, तुमच्याकडे स्वतःची लिस्प रूटीन, म्हणजे ऑटोकॅडसाठी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, असणारच. किती, आणि ती कुठे आहेत?

रेघोट्या

चाळीसेक असतील. दारा-खिडक्यांचे टॅग, कॉलमची (खांबांची) यादी, लेयरची नावं सुधारणं. माझ्या मशीनवर आहेत. बाकीच्यांनी मागितली की देतो.

समांतर

उत्तर मिळालं. लिस्पची भीती बाळगू नका, ती बहुतेक जशीच्या तशी चालते. २०२१पासून लिस्पमध्ये युनिकोड आलं, त्यामुळे अंशाचं किंवा व्यासाचं चिन्ह अक्षरसंख्येने मोजणारी रूटीन कधीकधी चुकतात. लिस्पसिस ० करून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की जुनी वागणूक मिळते. व्हीबीए (असे प्रोग्रॅम लिहायची दुसरी भाषा) असेल तर ते वेगळं उतरवून घ्यावं लागतं. बाहेरून घेतलेलं एआरएक्स, म्हणजे ऑटोकॅडला जोडायचा तयार प्रोग्रॅम, असेल तर ज्याने दिलं त्याला नव्या आवृत्तीसाठी विचारा, तिथे खरी अडचण येते.

पण माझा प्रश्न वेगळा होता. तुम्ही महिनाभर रजेवर गेलात तर कॉलमची यादी कोण काढणार? ऑफिस २०१४वर अडलेलं नाही, तुमच्या सी ड्राइव्हवर अडलेलं आहे.

रेघोट्या

हे जरा लागलं. या रूटीनसाठी ऑफिसने मला कधी एक तास वेगळा दिलेला नाही. जेवणाच्या सुट्टीत बसून लिहिलीत. आता ती ऑफिसची मालमत्ता असल्यासारखं बोलायचं आणि वर "अडवून ठेवली" म्हणायचं, हे बरं आहे.

समांतर

अडवून ठेवली असं मी म्हटलेलं नाही, पण तसं वाचलं गेलं असेल तर माफ करा. अशी रूटीन लिहिणारा माणूस ऑफिसला फुकटात मिळतो आणि त्याची किंमत तो निवृत्त झाल्यावर कळते. म्हणूनच म्हणतो, आवृत्ती बदलताना ती सामाईक फोल्डरमध्ये आणा, प्रत्येकावर दोन ओळी लिहा, आणि त्यासाठी लागणारे तास साहेबांकडून लेखी मागून घ्या. अपग्रेडच्या खर्चात लायसन्स असतं, हे तास कधीच नसतात.

पेन्सिल_२एच

मी स्वतःच्या छोट्या फर्मचा मालक आहे, म्हणून भाड्याबद्दल. २०१६मध्ये कायमचं लायसन्स विकणं बंद झालं. तेव्हा चिडून आम्ही ब्रिक्सकॅड या दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅमवर गेलो. डीडब्ल्यूजीच उघडतं, कमांड त्याच, लिस्प चालतं, कायमचं लायसन्सही मिळतं. त्रास एकच: समोरच्याने आमची फाइल उघडली की त्याला कधीकधी इशारा दिसतो, ही फाइल शेवटची ऑटोडेस्कच्या प्रोग्रॅममधून सेव्ह केलेली नाही. फाइल ठणठणीत असते, पण क्लायंटचा फोन येतो. अशा फोनवर काय बोलायचं ते आता पाठ झालंय.

त्रिज्या

तो फोन करणाऱ्यांत मीही असते :) पण पर्याय म्हणून मान्य. भाड्याच्या मुद्द्यावर काकांशी माझं भांडण नाहीच.

माझं भांडण "रेघ, कंस, अक्षरं, मापं, एवढंच काम" या वाक्याशी आहे. रिव्हिजन तपासणं हे काम नाही का? तुम्ही ते कसं करता? दोन प्रिंट काचेवर एकावर एक ठेवून? २०१९पासून दोन ड्रॉइंगची तुलना आतच होते. फक्त नव्यात असेल ते हिरवं, फक्त जुन्यात असेल ते लाल, सारखं असेल ते राखाडी. चाचणीचं मशीन आहेच, तर तुमच्याच एखाद्या जुन्या कामाच्या दोन रिव्हिजन घालून बघा. मग लिहा इथे.

खोडरबर

आमच्यात अजून काचच आहे. खालून ट्यूबलाइट लावलीय.

रेघोट्या

चार दिवसांनी लिहितोय.

त्रिज्याने सांगितलं ते केलं. मागच्या वर्षीच्या कामातला फाउंडेशन प्लॅन घेतला, रिव्हिजन बी आणि सी. सीमध्ये तीन बदल होते आणि तिन्हींभोवती मी स्वतः ढग (बदल दाखवायची ढगासारखी रेघ) काढले होते. तुलनेत चार दिसले. चौथा म्हणजे कोपऱ्यातला एक कॉलम, ५० मिलिमीटर सरकलेला. एकाशेजारी एक लाल आणि हिरवा चौकोन. ढग नाही, नोंद नाही. बहुतेक स्ट्रेच कमांडने शेजारचं काही ताणताना निवडीच्या चौकटीत सापडला असावा. ड्रॉइंग माझं, तपासणाऱ्याच्या रकान्यात सहीही माझीच. तो कॉलम साइटवर कुठे उभा आहे ते उद्या विचारणार आहे. रात्री झोप नीट लागली नाही.

तेव्हा तुलनेचं मान्य. भाड्याचं अजूनही मान्य नाही, आणि एंटरचं तर मुळीच नाही. साहेबांना लेखी दिलंय: चालू कामं २०१४वरच संपवायची, नवी कामं नव्यावर सुरू करायची, दोन मशीनवरचं २०१४ काढायचं नाही, आणि रूटीन हलवायला मला आठवड्याला सहा तास हवेत. सहाचे चार केले, बाकी मंजूर.

समांतर, ट्रिमएक्स्टेंडमोड ० केलं, चाललं. पण चाचणीचं मशीन तो पोरगाही वापरतो. तो १ करून ठेवतो, मी आल्यावर ०. काल दोघांनीही एकमेकांना शिव्या घातल्या. यावर काही उपाय आहे का?

समांतर

आहे. दोघांसाठी विंडोजची वेगळी लॉगिन करा. आणि कॉलमचं काय झालं ते कळवा.