मदत हवी आहे: भावाला उद्या पोलीस ठाण्यात बोलावलंय, गेला तर अटक होईल का?

बागायतदार_पोरगा (रात्री 8:52)
धाकट्या भावावर गुन्हा दाखल झालाय. उद्या सकाळी 11 ला ठाण्यात बोलावलंय. मी पुण्यात, तो गावी. गेला तर आत टाकतील का? नाही गेला तर काय होईल? घरात कुणी जेवलेलं नाही. लवकर सांगा.

कोर्टवारी (8:58)
कलमं कोणती? एफआयआर आहे की एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद? बोलावणं तोंडी आहे की लेखी? लेखी असेल तर वर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 35(3) लिहिलंय की 179? 35(3) असेल तर आरोपी म्हणून, 179 असेल तर साक्षीदार म्हणून. हे कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंधारात दगड.

बागायतदार_पोरगा (9:04)
हवालदारांनी व्हॉट्सॅपवर कागदाचा फोटो पाठवलाय, त्यावर 35(3) दिसतंय. कलमं 115(2), 118(1), 351(2), 352, 3(5). चुलत्यांशी बांधावरून झालं. जावं की नाही तेवढं सांगा.

माळरान (9:07)
बांधाचा वाद असेल तर आधी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका. आमचा 11 वर्षांचा तंटा मोजणीच्या दगडांनी एका दुपारी मिटला. मूळ दुखणं तिथं आहे.

बागायतदार_पोरगा (9:09)
दादा, उद्या 11 ला मोजणी होणार आहे का?

निवृत्त_मास्तर (9:15)
घाबरू नका. सगळी जामीनपात्र कलमं दिसतात. 118(1) म्हणजे दंड संहितेतलं जुनं 324, हत्याराने इजा. आमच्या गावात 324 ला ठाण्यातच जामीन व्हायचा.

कोर्टवारी (9:21)
मास्तर, तो काळ गेला. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता हे नवे कायदे आहेत आणि नव्या परिशिष्टात 118(1) अजामीनपात्र आहे. बाकी मारहाण, धमकी, शिवीगाळ ही जामीनपात्र. त्यामुळे सगळं 118(1) वर अडलंय. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे, ठाण्याऐवजी तो न्यायालयाकडे मागावा लागतो एवढंच. बागायतदार, हत्यार कोणतं लिहिलंय?

बागायतदार_पोरगा (9:26)
खोरं. अहो, तो ज्वारीला दारं धरत होता, हातात खोरं असणारच! हत्यार म्हणून नेलं नव्हतं. फिर्यादीत वडिलांचंही नाव आहे, ते 67 वर्षांचे आहेत.

सांगलीकर_बाबा (9:31)
साठीच्या पुढच्या माणसाला अटक करता येत नाही. नवीन कायदाच आहे. वडिलांची काळजी सोडा.

कोर्टवारी (9:37)
अर्धवट सांगू नका, लोक त्यावर विसंबतात. 35(7) मध्ये साठीच्या पुढच्या किंवा आजारी माणसाला अटक करायला पोलीस उपअधीक्षकांची परवानगी लागते, पण शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असलेल्या गुन्ह्यातच. 118(1) ला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे ते कलम असताना हे कवच लागू नाही.

हायवे_हॉटेल (9:40)
जाऊच नका! सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलंय की व्हॉट्सॅपवर पाठवलेली नोटीस चालत नाही. उद्या दुपारी माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत, त्यांच्याशी बोलू.

वाड्यातली_वकीलबाई (9:52)
व्हॉट्सॅपची नोटीस रीतसर बजावणी नाही हे खरं. पण त्या आधारावर घरी बसणं धोक्याचं. नोटीस प्रत्यक्ष हातात पडल्यावर गैरहजर राहिलात तर अटकेला कारण मिळतं. हजर राहून सहकार्य केलंत तर अटक करायची झाल्यास त्यांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 पासून बजावलंय. भावाने जावं, वकिलाला घेऊन जावं. तिथे नोटीस लेखी मागून घ्यावी, पोच द्यावी, हजेरीची नोंद करून घ्यावी. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, आणि स्वतःविरुद्ध बोलायला कुणी भाग पाडू शकत नाही, ते संविधानाच्या कलम 20(3) मध्येच आहे.

हायवे_हॉटेल (9:58)
वकील म्हटलं की आधी दहा हजार. पोरगा शेती करतो.

वाड्यातली_वकीलबाई (10:03)
मी फी मागितलेली नाही. तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो, 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मुंबई_लोकल (10:05)
अटकपूर्व जामीन टाका ना सरळ! माझ्या मेव्हण्याने टाकला होता, तिसऱ्या दिवशी मिळाला.

कोर्टवारी (10:11)
मेव्हण्याची कलमं माहीत आहेत का? नोटीस हातात असताना सत्र न्यायालयात आधी खर्च करावा असं मला वाटत नाही. ठाण्यातल्या वागण्यावरून ठरवा. आणि समजा अटक झालीच, तर कारणं लेखी, समजेल अशा भाषेत मिळायला हवीत. वरळीच्या अपघात प्रकरणात नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सर्वच गुन्ह्यांना लागू केलं. घरच्या माणसाला कळवणं बंधनकारक. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं.

पासपोर्टवाला (10:20)
गुन्हा दाखल असेल तर पासपोर्ट नूतनीकरणात अडचण येते. आत्ताच अर्ज करून ठेवा.

बागायतदार_पोरगा (10:24)
आमच्याकडे कुणाचाच पासपोर्ट नाही. एक सांगायचं राहिलं, भावाच्या डोक्याला पाच टाके आहेत. त्यांनी आधी काठी मारली.

वाड्यातली_वकीलबाई (10:27)
हे सगळ्यात आधी सांगायचं होतं! टाके कुठे घातले? तुमच्या बाजूने तक्रार दिली का?

बागायतदार_पोरगा (10:33)
सरकारी दवाखान्यात. तक्रार द्यायला गेला होता, पण एनसी करून परत पाठवलं. पहाटे निघतोय मी.

बागायतदार_पोरगा (दुसऱ्या दिवशी, संध्या. 4:48)
आत्ता घरी पोचलो. तालुक्याचे एक वकील सोबत आले होते. नोटीस हातात दिली, भाऊ आणि वडील दोघांचे जबाब घेतले, अटक नाही. गुरुवारी पुन्हा बोलावलंय. खोरं जप्त केलं. वडील बाहेर आले तेव्हा हात थरथरत होते त्यांचे. सगळ्यांचे मनापासून आभार, काल चिडून बोललो असेन तर माफ करा. पण आमच्या एनसीचं काय करायचं? चुलत्यावर काठीचं कलम लागायला नको का?

माळरान (5:02)
सुटलात, बरं वाटलं. आता मोजणीचा अर्ज टाकाच.

वाड्यातली_वकीलबाई (5:15)
नवी तक्रार लेखी द्या, टाक्यांचे कागद जोडा, पोच घ्या. ठाण्यात गुन्हा नोंदवला नाही तर 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, त्यानंतरही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. उशीर करू नका, दिवस गेले की "आधी का नाही दिली" हा पहिला प्रश्न येतो. केसपेपरवर एमएलसी (पोलिसी प्रकरणाची दवाखान्यातली नोंद) नंबर आहे का?

बागायतदार_पोरगा (5:21)
कागद आईने ट्रंकेत ठेवलेत. काढून फोटो टाकतो.

कोर्टवारी (5:24)
फोटो इथे टाकू नका. नाव-गाव दिसेल. फक्त नंबर आहे की नाही ते सांगा.