जुना कॅसेटवाला टीव्ही गेम नव्या एलईडी टीव्हीला जोडताना: सरकते पट्टे, उशिरा उडी, गायब मारिओ

विश्रामबाग_४३
नमस्कार मंडळी. ६० पिनांच्या कॅसेटचा टीव्ही गेम आहे. मागे पिवळं-पांढरं सॉकेट, ९ व्होल्टचा जुना वजनदार अडॅप्टर. टीव्ही ४३ इंची, त्याला पिवळं सॉकेटच नाही. साडेतीन मिमीचं ‘एव्ही इन’ आणि एचडीएमआय, एवढंच. साडेतीन मिमीची केबल लावली तर चित्र नाही, नुसती घरघर. एव्ही टू एचडीएमआयची छोटी पेटी लावली तर चित्र येतं, पण बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडतो, आणि मार बसल्यावर तो लुकलुकायचा तिथं आता अर्धा गायबच होतो. शिवाय आडवे गडद पट्टे हळूहळू वर सरकतात. बंदूक तर अजिबात चालत नाही. याच टीव्हीला प्लेस्टेशन २ पण लावायचाय. पेटी बदलू का?

तापता_सोल्डर
पेटी राहू दे बाजूला, आधी पट्टे. ते टीव्हीचे नव्हेत, अडॅप्टरचे. आतला फिल्टर कॅपॅसिटर सुकला की विजेचा रिपल (उरलेला चढउतार) थेट चित्रात उतरतो. आपली वीज ५० हर्ट्झ, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजनंतर तो रिपल १०० चा होतो. चित्राच्या वेगाशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून पट्टा एका जागी न थांबता सरकतो. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा नवा कॅपॅसिटर टाक, पट्टीची बाजू ऋण. आत बॉम्बे मिठाईसारखा फुगलेला दिसला तर शंकाच नको.

नवा अडॅप्टर घेणार असशील तर ९ व्होल्ट, निदान ५०० मिलिअँपिअर, आणि पोलॅरिटी मल्टिमीटरनं बघूनच. या गेमांत बहुतेकदा आतली पिन ऋण आणि बाहेरचं कडं धन असतं, हल्लीच्या अडॅप्टरांच्या बरोबर उलट. गेमवरची पोलॅरिटीची आकृती बघ, ती पुसली असेल तर जुन्या अडॅप्टरची पिन मोज. उलटं लागलं तर आतला ७८०५ (५ व्होल्ट करून देणारा रेग्युलेटर) जातो, आणि जाताना कधीकधी एकटा जात नाही. १२ व्होल्टचा ‘चालतोय की’ म्हणून लावू नकोस, वरचे ७ व्होल्ट त्या ७८०५ मध्ये नुसती उष्णता होऊन बसतात. अगदी स्वस्तातला हलका स्विचिंग अडॅप्टर घेतलास तर पट्टे जाऊन बारीक तिरप्या रेघा येतील.

आता केबल. चार भागांच्या त्या पिनचा क्रम सगळ्यांचा एक नसतो. काहींत ग्राउंड तिसऱ्या भागावर असतं, काहींत अगदी मुळाशी. मल्टिमीटर बीपवर ठेव, एक टोक पिवळ्या प्लगच्या बाहेरच्या कड्याला, दुसरं साडेतीन मिमीच्या एकेका भागाला. टीव्हीच्या पुस्तिकेत आकृती असते, तिच्याशी ग्राउंड जुळतंय का बघ. जुळत असेल आणि तरी चित्र नसेल, तर गेमच्या पिवळ्या सॉकेटात लाल प्लग घालून बघ, मग पांढरा. घरघर म्हणजे व्हिडिओ सिग्नल आवाजाच्या तारेत शिरलाय, दुसरं काही नाही. ग्राउंडच जुळत नसेल तर ती केबल परत कर.

मिरज_जंक्शन
वरचं बरोबर, पण उशीर आणि गायब मारिओ ही भानगड वेगळी आहे.

जुना गेम २४० ओळींचं पूर्ण चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा पाठवतो (ते एनटीएससी पद्धतीत, पाल पद्धतीचा असेल तर ५०). पेटीला आणि बऱ्याच नव्या टीव्हींना हे माहीतच नाही. त्यांना वाटतं, ही ४८० ओळींच्या चित्राची अर्धी-अर्धी फील्ड आहेत. मग ते दोन सलग चित्रं एकात विणतात. मारिओ लुकलुकतो म्हणजे काही चित्रांत असतो, काहींत नसतो. असलेलं आणि नसलेलं एकत्र विणलं की कंगव्यासारखा अर्धा मारिओ उरतो. काँट्रा या गेममध्ये गर्दी झाली की गोळ्या अशाच दिसेनाशा होतात, कारण एका ओळीवर आठच स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) काढता येतात आणि गेम त्यांना आळीपाळीनं दाखवतो.

विणायला चित्रं साठवावी लागतात, तिथं उशीर. एक चित्र म्हणजे १६.७ मिलिसेकंद, तीन साठवली की ५०. वर टीव्ही स्वतःचा वेळ लावतो तो निराळा. तुझा गेम ५० हर्ट्झचा असेल तर आणखी एक: पेटीतून ६०च बाहेर पडतात, म्हणजे दर सेकंदाला दहा चित्रं दुबार, आणि पळताना पार्श्वभूमी अडखळते.

म्हणून आधी केबल दुरुस्त करून टीव्हीच्या स्वतःच्या एव्ही इनला लाव. कलर सिस्टिम ‘ऑटो’ ठेव, चित्र काळं-पांढरं आलं तर हातानं पाल किंवा एनटीएससी निवड. गेम मोड चालू, मोशन आणि नॉइज रिडक्शन बंद, आकार ४:३. काही टीव्हींत गेम मोड फक्त एचडीएमआयलाच मिळतो, तिथं मात्र दोन्हीकडून लावून हातानं ताडून बघावं लागतं.

बंदुकीचा नाद सोड. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करून नेमाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, आणि जुन्या टीव्हीच्या झोतानं काढलेला तो उजेड नेमक्या क्षणी दिसतोय का एवढंच बंदूक बघते. एलईडीला झोतच नाही. त्यासाठी डब्बा टीव्हीच पाहिजे, भंगारात जायच्या आत पकड.

कृष्णाकाठ
कॅसेट फुंकू नका राव, दमटपणानं पिना काळ्या पडतात. इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, वाळू द्या, मग लावा. २०१९ च्या पुरात भिजलेल्या कॅसेटी असतील तर खोलून आतला गाळ काढल्याशिवाय गेमात घालूच नका, सॉकेट पण खराब होतं.

दोन_नंबर_रिमोट
प्लेस्टेशन २ साठी पिवळी केबल सोडा, कंपोनंट केबल घ्या (हिरवी-निळी-लाल). आधी पिवळ्यावरच सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कंपोनंट व्हिडिओ आउट ‘आरजीबी’वरून वाय-सीबी-सीआरच्या पर्यायावर न्या, मग केबल बदला. हे विसरलं की सगळं हिरवट दिसतं आणि लोक केबलला शिव्या घालतात. टीव्हीला कंपोनंट नसेल तर मागे थेट लागणारा छोटा एचडीएमआय प्लग चालतो, त्यालाही हीच सेटिंग लागते. पण पहिल्या प्लेस्टेशनची सीडी घातली की तोच २४० ओळींचा सिग्नल जातो, आणि बरेच टीव्ही तिथं ‘नो सिग्नल’ म्हणून मोकळे होतात. त्या सीड्यांसाठी पिवळी केबल जपून ठेवा.

विश्रामबाग_४३
आभार. पेटीऐवजी ओएसएससी (जुन्या गेमांचं चित्र एचडीएमआयवर नेणारं खास यंत्र) मागवला तर दोन्ही कामं होतील का?

मिरज_जंक्शन
नाही. ओएसएससीच्या नेहमीच्या आवृत्तीला पिवळी केबल घेताच येत नाही. आरजीबी किंवा कंपोनंट लागतं, म्हणजे प्लेस्टेशनचं होईल, टीव्ही गेमचं नाही. त्याच कामाचं दुसरं यंत्र, रेट्रोटिंक २एक्स, पिवळी, एस-व्हिडिओ आणि कंपोनंट तिन्ही घेतो, २४० ओळी ओळखून नुसत्या दुप्पट करतो, चित्र साठवत नाही, त्यामुळे मारिओ पुन्हा लुकलुकायला लागेल. बाहेरून मागवायचा तर कस्टम धरूनच हिशेब कर. आणि आत्ताची पेटी टाकून नवी तसलीच घेणार असशील तर वरचं नाव नीट वाच. ‘एचडीएमआय टू एव्ही’ आणि ‘एव्ही टू एचडीएमआय’ दिसायला जुळ्या बहिणी आहेत.