दिल्ली एअरपोर्ट एक्सप्रेस: नाशिककरांनी एनसीएमसी कार्ड घ्यावं का?

गोदाकाठ: ओझरहून विमानाने दिल्लीला उतरल्यावर लोक अजून मेट्रोच्या तिकिटासाठी रांगेत का उभे राहतात, कळत नाही. एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोवर 28 डिसेंबर 2020 पासून एनसीएमसी (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे वेगवेगळ्या शहरांच्या मेट्रोत चालणारं बँकेचं एकच कार्ड) चालतं. तेच कार्ड पुणे मेट्रोला आणि मुंबईच्या ॲक्वा लाइनलाही चालतं. पैसे चिपमध्ये असतात, त्यामुळे नेट गेलं, मोबाइल बंद पडला तरी कार्ड टेकवलं की गेट उघडतं.

सिडकोकर: गोम तिथेच आहे. बँकेच्या ॲपमधून हजार रुपये भरले तरी ते बँकेकडेच जमा दिसतात. स्टेशनातल्या यंत्रावर किंवा काउंटरवर कार्ड ठेवून बॅलन्स अपडेट केल्यावरच ते चिपवर उतरतात. पुणेकर हे जाता-येता करतो. नाशकात मेट्रोच नाही, मग करायचं कुठे? दिल्लीत पोचून, म्हणजे पुन्हा रांग आलीच! चिपवर 2000 च्या वर मावत नाहीत, आणि कार्ड हरवलं की त्यातले पैसे गेलेच समजा. पिन लागत नाही आणि गेट बँकेला न विचारताच चिपवरचे पैसे कापतं, त्यामुळे बँकही काही करू शकत नाही. त्यापेक्षा क्यूआर तिकीट घरबसल्या मोबाइलवर निघतं.

गोदाकाठ: चिपवर एकदा पाचशे चढवले की तिथेच राहतात. पुण्या-मुंबईला गेलात की अपडेट करून ठेवा, दिल्लीत थांबायला नको. दोन हजारांहून जास्त ठेवायचेच कशाला?

मखमलाबाद: तुम्ही दोघंही एकट्या माणसाचाच विचार करताय. चौघं असतील तर चार कार्डं लागतात. आत जाताना चिपवर प्रवेशाची नोंद पडते, ती बाहेर पडताना टेकवल्यावरच मिटते. त्यामुळे त्याच कार्डावर दुसऱ्याला आत घेता येत नाही. घाईत कुणाच्या पाठोपाठ न टेकवता बाहेर पडलात, तर पुढच्या वेळी गेट अडवतं आणि काउंटरवर नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. वरचेवर जाणाऱ्याला कार्ड ठीक, सहकुटुंब जाताना क्यूआरच.

त्याआधी टर्मिनल बघा. एअरपोर्ट एक्सप्रेसचं स्टेशन टी-3 ला आहे; टी-1 ला मॅजेंटा लाइनचं वेगळं स्टेशन आहे. आणि द्वारकेकडे जाणाऱ्या गाडीत चढू नका (आपलं द्वारका सर्कल नव्हे!), ती शहराच्या उलट दिशेला जाते. नवी दिल्लीची गाडी साधारण वीस मिनिटांत पोचवते.

सिडकोकर: हे पटलं. कार्ड घेणाऱ्यांनी आणखी एक बघा: वायफायसारखी खूण साध्या रुपे डेबिट कार्डावरही असते, तेवढ्यावरून ते एनसीएमसी ठरत नाही. निघण्याआधी बँकेत विचारून घ्या.