पूर ओसरल्यानंतर घराभोवतीचे डास : नाशिककरांचे अनुभव

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सारे शहर गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे डोळे लावून बसते आणि पाणी कमरेला लागले की छातीला, याची चर्चा घरोघरी होते. पाणी उतरल्यावर सुरू होणाऱ्या डासांच्या त्रासाविषयी त्यामानाने फारच कमी लिहिले जाते. पुराच्या लोंढ्यात आधीच्या अळ्या वाहून जातात, त्यामुळे पहिले काही दिवस डास कमीच भासतात. परंतु मागे साचून राहिलेल्या पाण्यात, हवा उबदार असल्यास, अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस पुरतात. आपण आवारात नेमके काय केले, कशाचा उपयोग झाला आणि काय व्यर्थ गेले, हे येथे सविस्तर लिहावे. ‘सर्वत्र स्वच्छता केली’ एवढ्यावर कृपया थांबू नये.

पंचवटी, जुन्या वाड्यातील गृहिणी

ऑगस्ट २०१९च्या पुरानंतर आमच्या बोळात गाळ काढण्याची एकच धांदल उडाली होती आणि डास त्या गाळातूनच येणार, असे सगळे गृहीत धरून होते. आमच्याकडे अळ्या सापडल्या त्या मोरीशेजारच्या पाण्याच्या पिंपात. पुरानंतर नळाला गढूळ पाणी येते, कधी येतच नाही, म्हणून प्रत्येक घरात पिंप, बादल्या, हंडे भरून ठेवले जातात, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला नेमके असेच साठवलेले पाणी हवे असते. पिंपावर विजेरीचा झोत टाकला तेव्हा बारीक अळ्या डोके खाली करून पृष्ठभागाला लोंबकळत होत्या. हाताची सावली पडताच त्या वळवळत तळाला गेल्या आणि थोड्या वेळाने श्वास घेण्यासाठी पुन्हा वर आल्या.

सासूबाईंचे म्हणणे होते की पाणी ओतून दिले की काम संपले. परंतु एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेलगत, भांड्याच्या आतल्या ओलसर भिंतीवर, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून आम्ही दर आठवड्याला ठरलेल्या वारी पिंप रिकामे करतो, आतून काथ्याने खसाखसा घासतो, पालथे घालून वाळवतो आणि मगच भरतो. झाकण नीट बसत नसल्याने त्याखाली जुन्या सुती साडीचे दुहेरी फडके ताणून दोरीने बांधतो. घासण्याचे काम कंटाळवाणे आहे, हे मान्य. पण त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

भांडी बाजार, दुकानदार

आमच्या भागात पुराचे पाणी दुकानात शिरणे नवे नाही. पाणी उतरल्यावर माल धुऊन बाहेर मांडला जातो, आणि वरून सरी येतच असतात. परातीत किंवा घंगाळात पाणी साचले तर लगेच दिसते. एकात एक रचलेल्या पातेल्यांच्या फटीत अडकलेले पाणी कुणाला दिसत नाही. आम्ही आता प्रत्येक नग पुसून पालथा ठेवतो. माल झाकण्याच्या ताडपत्रीच्या घड्यांतही पाणी राहते, तेव्हा ती तिरपी बांधावी.

सायखेडा, शेतकरी

आमच्याकडची काळी जमीन पाणी लवकर सोडत नाही, त्यामुळे गोठ्यामागच्या खड्ड्यांत पाणी बराच काळ राहते. शेजारच्या काकांनी त्यात जळके ऑइल ओतण्याचा सल्ला दिला. तेलाच्या थराने अळ्यांचा श्वास कोंडतो, हे खरे आहे. पण आमची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर असल्याने मला ते पटले नाही. कुदळीने चर काढून पाणी ओढ्याकडे वळवले आणि उरलेले खड्डे मुरूम टाकून बुजवले. गुरांच्या हौदात गप्पी मासे सोडले आहेत आणि तिथे अळ्या दिसत नाहीत. हे मासे नदीत मात्र सोडू नयेत, कारण ते मूळच्या माशांच्या मुळावर येतात.

तिडके कॉलनी, सोसायटीचे सचिव

नंदिनी नदीचे पाणी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये शिरले होते. पंप लावून ते उपसले, तरी लिफ्टच्या खड्ड्यात पाणी राहिलेच होते, कारण तिकडे कुणी डोकावतच नाही. गच्चीवरील टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला आणि मैल्याच्या टाकीच्या व्हेंट पाइपला बारीक जाळी बांधली. मैल्याच्या टाकीत वाढणारा क्युलेक्स जातीचा डास रात्री चावतो, एडिस दिवसा. त्यामुळे केवळ संध्याकाळी खिडक्या लावून भागत नाही. सभासदांचा आग्रह धूरफवारणीसाठी असतो. तिने उडते डास मरतात, पाण्यातील अळ्यांना काही होत नाही आणि काही दिवसांत परिस्थिती जैसे थे होते. धूर दिसतो म्हणून समाधान वाटते, एवढेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

धागाकर्त्याकडून

अळीनाशकाविषयी अनेकांनी विचारले आहे. टेमेफॉस हे रासायनिक अळीनाशक पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. म्हणून ते अंदाजाने न टाकता महापालिकेच्या कर्मचाऱ्यांकडूनच टाकून घ्यावे. बीटीआय हे जैविक औषध अळीने खाल्ले तरच लागू पडते. अळीनंतरच्या अवस्थेतील, स्वल्पविरामासारखे दिसणारे कोष काहीच खात नाहीत, त्यामुळे ते दिसू लागले असतील तर पाणी ओतून देणेच योग्य.

द्वारका, परिचारिका

घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे, हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते आणि बहुतेकांना ते विचित्र वाटते. तापाच्या दिवसांत रुग्णाला चावलेला डास विषाणू घेऊन पुढे घरातील इतरांना चावतो. म्हणजे ती मच्छरदाणी रुग्णापेक्षा इतरांसाठी अधिक असते. तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात, नुसत्या लोंबत्या ठेवू नयेत. फ्रिजच्या मागील ट्रे आणि खिडकीतल्या मनी प्लांटची बाटली, या दोन जागा रुग्णाच्या खोलीपासूनच तपासायला सुरुवात करावी.