'जास्त कर' म्हणजे जास्त रक्कम की जास्त दर?

प्रश्न : 'श्रीमंतांनी जास्त प्राप्तिकर भरावा' या वाक्यातला 'जास्त' नेमका कशाला लागतो? अर्थशास्त्राच्या पुस्तकांत येणारा 'प्रगतिशील कर' हा शब्द त्यासाठी योग्य आहे का?

उत्तर : 'जास्त' हा शब्द येथे दोन अर्थांनी येतो आणि निम्मा वाद त्यामुळेच होतो. सरसकट १० टक्के कर लावला, तर ५ लाख मिळवणारा ५० हजार भरेल आणि ५० लाख मिळवणारा ५ लाख भरेल. म्हणजे श्रीमंताची रक्कम तशीही दहापट होते. या प्रमाणशीर कराला फारसा कोणाचा विरोध नसतो. खरा मतभेद दराचा आहे, म्हणून 'जास्त दराने कर भरावा' असेच लिहावे.

'प्रगतिशील' हा शब्द मला खटकतो. मूळ इंग्रजी संज्ञेत ('progressive') उत्पन्नाबरोबर पायरीपायरीने वाढणारा दर एवढाच अर्थ आहे; मराठीत मात्र 'प्रगतिशील' म्हटले की स्तुती आली, आणि 'प्रतिगामी' म्हटले की निंदा आली. श्रीमंतांनी चढ्या दराने कर भरावा असे माझेही ठाम मत आहे, पण ते युक्तिवादाने पटवावे, शब्दाच्या आडून नव्हे. 'चढता कर' आणि 'उतरता कर' हे शब्द कोणालाही कळतात.

उतरत्या कराचे, म्हणजे उत्पन्न वाढेल तसा ज्याचा दर घटतो अशा कराचे, उदाहरण महाराष्ट्रातल्या पगारपत्रकावरच आहे. व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २५०० रुपये कापले जातात. महिना ३० हजार मिळवणाऱ्या पुरुष कारकुनाचे तेवढेच जातात आणि ३ लाख मिळवणाऱ्या त्याच्या साहेबाचेही तेवढेच. कारकुनाच्या उत्पन्नाचा तो सुमारे ०.७ टक्के असतो, साहेबाच्या उत्पन्नाचा जेमतेम ०.०७ टक्के. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार या कराची कमाल मर्यादाच वर्षाला २५०० रुपये आहे.

'टप्पा' हा शब्दही जपून वापरावा. वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या रुपयांना लागतो, सगळ्या उत्पन्नाला नाही. १९७३-७४ साली भारतात ९७.७५ टक्के प्राप्तिकर होता हे खरे आहे, पण तो २ लाखांच्या वरच्या उत्पन्नावर होता. ८५ टक्के मूळ दर आणि त्या करावर १५ टक्के अधिभार मिळून तो आकडा होतो.

पुरवणी प्रश्न : मग अधिभार आणि उपकर एकच का?

उत्तर : नाही. दोन्ही उत्पन्नावर नव्हे, करावर बसतात, पण ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर प्राप्तिकर भरणाऱ्या प्रत्येकाला लागतो. अधिभार मात्र ५० लाखांच्या वर उत्पन्न गेल्यावर १० टक्क्यांपासून सुरू होतो, १ कोटीच्या वर १५ टक्के होतो आणि पुढे आणखी चढतो. २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द झाला, तेव्हा त्याच्या जागी १ कोटीच्या वरच्या उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभारच आला होता. तेव्हा 'श्रीमंतांवरचा कर वाढवला' असे वाचले की मूळ दर वाढला की अधिभार, हे आधी पाहावे. मूळ प्राप्तिकरात राज्यांचा वाटा असतो. अनुच्छेद २७० आणि २७१ नुसार अधिभार पूर्णपणे केंद्राकडे राहतो. मुंबई-पुण्यातल्या कोट्यधीशांनी भरलेल्या अधिभारातून महाराष्ट्राच्या तिजोरीत वाटा म्हणून एक रुपयाही येत नाही.