शकुंतलेची बंद स्थानकं: जपायची की ब्रॉडगेजसाठी पाडायची?

मोतीबागकर (धागालेखक)

शकुंतला म्हणजे विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही छोट्या रुळांची, आता बंद पडलेली गाडी. आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर तिच्याबद्दल एक मजकूर फिरतोय: 'शकुंतला ही गुलामीची निशाणी आहे. रूळ उपटा, स्टेशनं पाडा, जागा मोकळी करा.' त्याला भराभर अंगठे मिळाले, म्हणून हा धागा काढतोय.

ब्रॉडगेज (मोठ्या रुंदीचे रूळ) यावीच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण दारव्हा मोतीबाग, कारंजा, अंजनगाव इथल्या जुन्या इमारती पाडायला माझा ठाम विरोध आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईची रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली ती मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून. यवतमाळ आणि अचलपूर दोन्ही बाजूला राहिले. कापूस तर तिकडेच पिकत होता. मग सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने 762 मिमी रुंदीचे, म्हणजे नॅरोगेजचे रूळ टाकले. मूर्तिजापूर-यवतमाळ 113 किमी, 1903 मध्ये. मूर्तिजापूर-अचलपूर 76 किमी, 1913 मध्ये. कारभार किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीकडे, गाडी चालवायची जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने, पुढे मध्य रेल्वेने. राष्ट्रीयीकरण झालं तेव्हाही रूळ कंपनीच्याच नावावर राहिले आणि करार दर दहा वर्षांनी पुढे जात राहिला.

कंपनी कुणाचीही असो, फलाटावर हमाली आमच्या माणसांनी केली आणि रुळाखालची खडी आमच्या गँगमननी ठोकली. तो इतिहास कंपनीचा कसा होईल?

कारंजेकर

असहमत, आणि कारण सरळ आहे. दारव्ह्याला वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर नवीन स्टेशन मिळणार आहे. कारंज्याला काय मिळणार? गुरुमंदिरात लांबून भाविक येतात, ते मूर्तिजापूरला उतरून बस शोधतात. दर्यापूर आणि अंजनगावची तीच गत. 2016 मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली, आम्ही अजून वाट बघतोय. अशा वेळी 'वारसा' म्हणून पाटी लावली की प्रशासनाला फाइल मिटवायला आयतं निमित्त सापडतं. मला ती भीती वाटते.

आणि तो कापूस गेला कुठे, हेही लिहा की. रुईच्या गाठी मुंबईमार्गे इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना गेल्या आणि तिथलं कापड इथे येऊन विकलं गेलं. ज्याच्या शेतातून तो माल निघाला त्याच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज तसंच राहिलं. त्या स्टेशनाकडे बघून मला तरी अभिमान वाटत नाही.

रूळपट्टी

@कारंजेकर, मागणी रास्त आहे, पण इमारत पाडल्याने ब्रॉडगेज लवकर येते हे गृहीतक तपासा. नॅरोगेजची वळणं तीव्र, भराव हलका, पूल लहान. 1676 मिमी रुंदीच्या ब्रॉडगेजला ते सगळं नव्याने बांधावं लागतं, आणि कित्येकदा मार्गच बदलतो. बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज रेल्वेचं उदाहरण घ्या. कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज करताना मार्ग उस्मानाबादवरून वळवला, जिथे छोटी गाडी कधी जातच नव्हती. म्हणजे आज ज्या जागेसाठी भांडायचं, तिथून उद्या रूळ जातीलच असं नाही.

ताळेबंद

मला दोन्ही बाजूंचं भावनिक वाटतं. ही लाइन का संपली ते आधी नीट मांडू या.

रुईची गाठ साधारण 170 किलोची. यवतमाळला ती छोट्या वाघिणीत (मालडब्यात) चढवायची. मूर्तिजापूरला रुळांची रुंदी बदलते, म्हणून तिथे उतरवून मोठ्या वाघिणीत पुन्हा चढवायची. दोनदा हमाली, दोनदा वेळ, मध्ये पावसाची धास्ती. ट्रक आला तो थेट जिनिंगच्या (सरकी काढायच्या कारखान्याच्या) फाटकात उभा राहिला आणि गिरणीच्या दारात रिकामा झाला. मालवाहतूक तिथेच संपली. उरले प्रवासी, त्यांना एसटी होती. नॅरोगेज कुठल्याही सरकारने 'मारली' नाही, तिचं काम सुटलं.

आता जतनाबद्दल. दार्जिलिंग, निलगिरी, कालका-शिमला यांना युनेस्कोचा दर्जा आहे, पण तिथे डोंगर आहेत आणि पर्यटक आहेत. सपाट काळ्या मातीत तिकीट काढून कोण बसणार? नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेज संग्रहालय आहे. कंदील, टोकन, तिकिटांची यंत्रं तिथे पाठवा. ओस इमारतीवर खर्च करू नका.

अंजनगावचा

ताळेबंद भाऊ, एसटी होती मनता, पन किती गावाले होती? आमच्या इकडं पावसाळ्यात वाटा चिखलानं बंद पडत. तवा शकुंतलाच चाले. भाजीवाल्या बाया टोपले घिऊन बसत, तिकीट एकदम कमी. गाडी हळू होती, ते खरं हाय. फाटकाजवळ थांबे, गाडीतला मानूस खाली उतरून फाटक लावे, गाडी पलीकडं गेली का मांगून फाटक उघडून पयतच डब्यात चढे. लोकं हसत. पन त्या मानसाच्या जाग्यावर दुसरा मानूस रेल्वेनं ठुलाच नोयता, म्हून त्याले ते करा लागे. गाडीचं काम सुटलं नाई, तिच्यावर खर्च कराचं सोडलं.

ताळेबंद

@अंजनगावचा, प्रवाशांबद्दलचा मुद्दा मान्य. पण फाटकवाला नेमला असता तरी वेग वाढला नसता. रुळांची अवस्थाच तशी होती.

मोतीबागकर

कारंजेकरांच्या दुसऱ्या मुद्द्याला उत्तर देतो, तोच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लूट झाली हे खरं. म्हणूनच स्टेशन राहिलं पाहिजे. कापूस कसा बाहेर गेला हे मुलांना पुस्तकातल्या एका ओळीत सांगून कळत नाही. जिनिंग, तिथून साइडिंग (माल चढवायचा बाजूचा रूळ), तिथून फलाट, हे अंतर पायी चालून दाखवलं की कळतं. इमारत पाडली तर लुटीचा पुरावाही गेला. लँकेशायरवाल्यांना त्याचं सोयरसुतक नाही, आपल्याला असायला हवं.

अवांतर: 'रॉयल्टी अजून लंडनला जाते' असं त्या मजकुरात होतं. किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकीची झाली. गुलामीचा मुद्दा मांडायचा तर निदान एवढं तपासून मांडावं.

नागपूरला वस्तू पाठवायलाही माझा विरोध आहे. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत या रुळांवर धावलं. त्याची आठवण काढणारी माणसं यवतमाळात, मूर्तिजापुरात आहेत. त्यांनी ते बघायला नागपूरची वारी का करायची?

कारंजेकर

पुराव्याचा मुद्दा पटला. भीती मात्र गेली नाही. माझी अट अशी: आधी कारंज्याच्या ब्रॉडगेजचं सर्वेक्षण आणि निधी कागदावर यावा, मग इमारतीच्या जतनाचा ठराव घ्या. उलट क्रमाने झालं तर मी ग्रामसभेत विरोधात बोलणार.

रूळपट्टी

दोन्ही मागण्या एकाच निवेदनात घ्यायला काय हरकत आहे? नवा मार्ग जुन्या स्टेशनाच्या आवारातून जात नसेल तर इमारत नगरपालिकेला द्या, जात असेल तर फलाटाच्या कडेला ठेवा. मसुदा मी करतो. कारंजेकर, तुमची अट त्यात पहिल्या क्रमांकावर टाकतो.

कारंजेकर

टाका. पण 'वारसा' हा शब्द दुसऱ्या पानावर.